तुकडे न होणारी गोळी

नातवंडांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजोबा, तुम्ही हल्ली जंगलात का जात नाही?" तुमच्याकडे संध्याकाळ होती, आमच्याकडे सकाळ. आजोबा म्हणाले, "गुडघा दुखतो गं." मी शेजारी कोथिंबीर निवडत बसले होते. मी निवडत राहिले.

आजोबांचा गुडघा चांगला आहे. रोज तीन मजले चढतात, आणि वर आल्यावर मलाच विचारतात, "धाप लागली का?" तेव्हा तुम्हाला खरं काय ते कळायला हवं. डिसेंबरात तुम्ही इथे याल, त्यांना जंगलात चला म्हणून हात धरून ओढाल, आणि ते पुन्हा गुडघ्याची सबब सांगतील. ते मला बघवणार नाही. म्हणून लिहायला बसले आहे. तुमची आई तुम्हाला वाचून दाखवील. मध्येच थांबली तर पुढचं वाचायला सांगा.

आजोबांनी शिकारीचा परवाना काढला तो निवृत्त झाल्यावर. आयुष्यभर इथल्या त्सुफेनहाउझेन उपनगरातल्या कारखान्यात गाड्यांची इंजिनं केली, मग एकाएकी घरी बसले. माझे डबे मोजू लागले, मसाल्याच्या बरण्यांची जागा बदलू लागले. त्याच सुमाराला त्यांचे दात बघणाऱ्या डॉक्टरीणबाईही निवृत्त झाल्या. इथे जंगलाचा तुकडा शिकारीसाठी भाड्याने घेता येतो, तसा त्यांनी आमच्या गावामागचा डोंगराकडचा भाग घेतला आहे. त्या म्हणाल्या, "हेर इंजेन्युअर," म्हणजे इंजिनियरसाहेब, "परीक्षा द्या. घरात बसून बायकोला छळण्यापेक्षा बरं." आजोबांना परीक्षा म्हटली की बरं वाटतं. झाडं, प्राणी, कायदे, बंदूक असं सगळं वर्षभर पाठ केलं आणि पास झाले.

माझ्या बहिणीने पुण्याहून फोनवर विचारलं, "अगं, हा म्हातारचळ की काय?" मला वाटतं, नव्हता. त्यांना मारण्यापेक्षा बसायला आवडायचं. मचाणावर तीन-तीन तास बसत आणि हात हलवत परत येत. आले की चेहरा धुतल्यासारखा असे. "आज कोल्हीण आणि तिची दोन पिल्लं दिसली," एवढंच सांगायचे. मी म्हणे, "बंदूक कशाला नेता मग? छत्री न्या."

पण मारावंही लागतं. इथे शेळीएवढं हरीण असतं, त्याला 'रे' म्हणतात. ती फार झाली की जंगलातली कोवळी झाडं खाऊन टाकतात, म्हणून दर वर्षी काही मारायची असा करारच असतो. आजोबांच्या वाट्याला या शरद ऋतूत एक मादी आली. त्यांची पहिलीच. तेव्हाच तुम्ही डिसेंबरात येणार हे ठरलं. थोरला फोनवर ओरडला, "आजोबा, हरणाचं मटण!" माझ्या माहेरी मांसाहार नव्हता आणि मी अजूनही खात नाही, पण करते चांगलं. मी तेव्हाच फ्रीझरचा वरचा कप्पा रिकामा केला आणि पिशवीवर लावायची चिठ्ठीही लिहून ठेवली: 'हरीण. मुलांसाठी.'

मग गोळीचा प्रश्न आला.

शिशाच्या गोळ्या आमच्या राज्यात आता हरणासाठी चालत नाहीत. शिसं मांसात उतरतं, ते खाणाऱ्या घारींना विषबाधा होते. म्हणजे तांब्याची गोळी हे ठरलेलंच होतं. पण तांब्याच्याही दोन जाती. आजोबांनी दुकानातून दोन्हींचे नमुने आणले. एकदा झाडून परत काढलेल्या गोळ्या गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवतात, त्यातल्या. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर त्यांनी त्या ठेवल्या. एक चार पाकळ्यांच्या फुलासारखी उमललेली होती, अख्खी. दुसरीचं नुसतं बूड उरलं होतं, बोटाच्या पेराएवढं.

"हिचा पुढचा भाग कुठे गेला?" मी विचारलं.

"फुटतो. आत गेल्यावर बारीक तुकडे होतात. तशीच बनवलेली असते."

"आत म्हणजे हरणात?"

"नाहीतर काय, माझ्यात?"

"म्हणजे मटणात तुकडे."

"जखमेच्या भोवतीचं मांस कापून टाकतात. भरपूर कापतात. आणि हे तांबं आहे, विष नाही."

"आणि एखादा राहिला तर? तुमच्या नातवाच्या दाताखाली आला तर?"

आजोबा हसले. "इतकी वर्षं तुझ्या भातात कुणाला खडा लागला नाही. आता हरणातही नको होय?"

"नकोच."

तुम्हाला ठाऊक आहे, इथल्या पाकिटातल्या तांदळात खडे नसतात. तरी मी तो ताटात घेऊन बघते. तुमची आई चेष्टा करते, पण माझ्या हातच्या जेवणात कधी कुणाला खडा, केस, काही लागलं नाही, याचा मला अभिमान आहे. लहानपणी आमच्या घरी कुणाच्या घासात खडा कचकन वाजला की सगळी पंगत थांबायची आणि आई मान खाली घालायची. ती मान माझ्या डोक्यात राहिली असावी.

आजोबा समजावत राहिले. अख्खी राहणारी गोळी मोठ्या जनावराला चांगली, हाडाला लागली तर चांगली. 'रे' लहान, अंगाने मऊ. त्यातून ती गोळी कधी कधी नीट उमलायच्या आतच आरपार निघून जाते, मग जनावर पळतं. फुटणारी गोळी त्याला जागच्या जागी पाडते. डॉक्टरीणबाईही हीच वापरतात, असं ते म्हणाले.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावून विचारलं. त्या खोखो हसल्या. "आल्झो, हे बघ, दातांची डॉक्टर म्हणून सांगते, तुकडे राहिलेले मला परवडायचे. गिऱ्हाइकं यायची." मग जरा गंभीर होऊन म्हणाल्या, "तुझा नवरा सांगतो ते बरोबर आहे. पण दोन्हींनी हरीण मरतं. नेम बरोबर हवा."

मला त्यातलं शेवटचंच ऐकू आलं. दोन्हींनी मरतं ना, मग झालं तर.

अख्ख्या गोळीच्या कंपनीचं माहितीपत्रक इंग्रजीत होतं. मी चष्मा लावून ते आजोबांना मोठ्याने वाचून दाखवलं. शाळेत असताना वर्गात धडा वाचायचे तसं, पूर्णविरामाला थांबत. मांस अजिबात खराब होत नाही, अगदी भोकाच्या कडेपर्यंत खाता येतं, असं त्यात लिहिलं होतं. त्या वाक्यावर मी बोट ठेवलं. हरीण किती वेळात मरतं हेही पलीकडच्या पानावर असेल. ते पान मी उलटलं नाही.

आजोबांनी दोन्ही नमुने वर्तमानपत्रात गुंडाळले. "बरं बाई, तुझंच खरं," म्हणाले. आमच्या घरात हे वाक्य आलं की वाद संपतो. सोफ्याचा रंग, तुमच्या आईची शाळा, सुट्टीला कुठे जायचं, सगळं याच वाक्यावर ठरलेलं आहे. त्यांनी अख्ख्या गोळ्यांची पेटी आणली, रायफलची दुर्बीण त्या गोळीप्रमाणे जुळवून घेतली, सरावाच्या मैदानावर जाऊन कागदावर नेम धरला. कागदावर सगळं छान झालं.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी, उजेड होता तेव्हाच, ते घरी आले. दार उघडलं तर चेहऱ्याकडे बघवेना.

"लागली," म्हणाले, "पण पळून गेली."

खुर्चीवर बसून बूट न काढताच सांगितलं. मादी गवतात आडवी उभी होती. त्यांनी गोळी झाडली त्याच क्षणी तिने एक पाऊल पुढे टाकलं. ती उडाली, पाठ कमानीसारखी झाली, आणि झुडपांत शिरली. ते शिकवल्याप्रमाणे थांबले, मग उतरून बघितलं. गवतावर काळपट रक्त होतं आणि त्यात हिरवट काहीतरी. म्हणजे गोळी छातीत नाही, मागे पोटाकडे लागलेली.

"मग शोधायला चला की," मी म्हटलं.

"आता नाही. लगेच मागे गेलं तर ती अजून पळते. तिला निवांत पडू द्यायचं. डॉक्टरीणबाई सकाळी कुत्रा घेऊन येतात."

"निवांत?"

त्यांनी बुटाची नाडी सोडायला घेतली. मला त्या शब्दाची चीड आली होती, पण शब्द त्यांचा नव्हता, पुस्तकातला होता. नियमही बरोबर होता. पण सकाळपर्यंत ती तिकडे पडून राहणार होती, आणि आमच्या घरात हीटर लावलेला होता.

सकाळी मीही गेले. आजोबा नको म्हणत होते. डॉक्टरीणबाईंचा तांबूस कुत्रा लांब पट्ट्याला बांधलेला, नाक जमिनीला लावून चालत होता. त्याच्या मागे त्या, मग आजोबा, मग मी, तुमच्या आईचे जुने रबरी बूट घालून. कुत्रा एका जागी थांबला. गवत दबलेलं होतं. "इथे पडली होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग उठली." पुढे तसंच दुसरं ठिकाण. मग ओढा. ओढ्यापलीकडे काट्यांच्या जाळीत ती होती. पाय पोटाशी घेतलेले, डोळे उघडे. मला वाटलं होतं त्याहून लहान.

डॉक्टरीणबाईंनी वाकून तिच्या पोटाखाली हात घातला. काही क्षण तिथेच ठेवला.

"अजून ऊब आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी सहज, शिकारी बोलतात तसं म्हटलं. मला मात्र कळलं की ती पहाटेपर्यंत जिवंत होती. आम्ही घरातून निघालो तेव्हाही कदाचित होती. मी थर्मासमध्ये चहा भरून घेत होते तेव्हा.

"गोळीमुळे झालं का?" मी विचारलं.

आजोबा म्हणाले, "गोळीचा काय संबंध? माझा नेम."

"मी यांना विचारतेय."

डॉक्टरीणबाईंनी हरीण उलटं केलं, दोन्ही बाजूंची भोकं पाहिली. दोन्ही लहान होती. "तिने पाऊल टाकलं हा कुणाचाच दोष नाही," त्या म्हणाल्या. "पण या जागी दुसरी, फुटणारी गोळी लागली असती तर तिने हिला लवकर पाडलं असतं. बहुतेक. बहुतेकच म्हणतेय मी, शपथ घेऊन नाही सांगणार. या गोळीने आपलं काम चोख केलं. एक तुकडा पडला नाही आत."

इथे एक रीत आहे. मारलेल्या हरणाच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात. शेवटचा घास म्हणतात त्याला. आपल्याकडे माणसाच्या तोंडात तुळशीचं पान ठेवतात, तेच मला आठवलं. आजोबांनी ओकची डहाळी तोडली आणि माझ्यासमोर धरली. "तू देतेस?"

मी मानेनेच नको म्हटलं. रबरी बूट चिखलात रुतलेत असं काहीतरी पुटपुटले. ते स्वतः वाकले. डहाळी एकदा त्यांच्या हातून खाली पडली. गोळीच्या वेळी त्या वाक्यावर बोट ठेवून बसलेली मी, पानाच्या वेळी दोन पावलं पुढे झाले नाही.

त्या हरणाचं मांस कुणालाच खाता आलं नाही. पोट फुटलेलं, रात्रभर तसंच पडलेलं, टाकून द्यावं लागतं. भोकाच्या कडेपर्यंत स्वच्छ राहणारं मांस जंगलातच ठेवलं. निघताना डॉक्टरीणबाई मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, "लाल घारी खातील. त्यांना काही होणार नाही, शिसं नाही ना."

गाडीत मी आजोबांना म्हटलं, "तुम्हाला दुसरी गोळी हवी होती. मी हट्ट केला."

"पेटी मी विकत घेतली," ते म्हणाले. "बंदूक माझ्या हातात होती."

"पण मी मुलांच्या ताटाचाच विचार केला. तिचा केलाच नाही."

"बरं बाई, तुझंच खरं," ते म्हणाले. आणि त्या वेळी वाद संपला नाही, पहिल्यांदाच. त्यानंतर ते जंगलात गेले नाहीत. रायफल पुसून कपाटात ठेवली. त्या कपाटाचा आकडा फक्त त्यांना ठाऊक असतो, तसा कायदाच आहे. परवाना परत करायचा अर्ज कुठे मिळतो ते कॉम्प्युटरवर शोधताना मी त्यांना पाहिलं. तुमच्यासाठी त्यांनी गुडघा दुखता केला तो त्यानंतर.

इथपर्यंत लिहून मी कागद ड्रॉवरमध्ये ठेवले होते. कारण शेवट काय लिहायचा ते कळत नव्हतं. पुढचं परवा घडलं.

सकाळी नाश्त्याच्या वेळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्या लेकीकडे हॅम्बर्गला गेल्या होत्या. गावाबाहेरच्या वळणावर एका गाडीची हरणाला धडक बसली होती. हरीण जिवंत होतं, पाठ मोडली होती. जंगल त्यांच्याकडे म्हणून पोलिसांनी त्यांना कळवलं होतं आणि पोलीस तिथेच उभे होते. सगळ्यात जवळ राहणारा परवानेवाला माणूस म्हणजे आजोबा.

"दुसऱ्या कुणाला सांगा," आजोबा म्हणाले. "मी सोडलंय."

फोन स्पीकरवर होता. पलीकडून त्या म्हणाल्या, "हेर इंजेन्युअर, दुसरा येईपर्यंत पाऊण तास जाईल."

मी थालीपीठ तव्यावरून उतरवलं आणि गॅस बंद केला. "अहो," मी म्हटलं, "ते रस्त्यावर पडलंय."

ते उठले. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग दारातून मला विचारलं, "कोणती घेऊ? दोन्ही पेट्या आहेत." दुसरी पेटी त्यांनी केव्हा आणून ठेवली होती, मला माहीत नव्हतं.

"लवकर मारील ती."

"इतक्या जवळून दोन्ही सारख्याच गं," ते म्हणाले. तरी त्यांनी फुटणारीच घेतली.

गाडी मी चालवली. धुकं होतं. वळणावर निळा दिवा फिरत होता आणि एक तरुण पोलीस मुलगी हात बगलेत घालून उभी होती. हरीण गवतात पुढच्या पायांवर उठू बघत होतं, मागचं अंग हलत नव्हतं. आजोबांनी त्या मुलीला आणि मला गाडीमागे जायला सांगितलं. गोळी अडवायला हरणामागे मातीचा उतार आहे ना ते पाहिलं. एक आवाज झाला. मी डोकं वर केलं तेव्हा हरणाची मान गवतावर टेकलेली होती. बस, एवढंच.

पोलीस मुलीने "डांके" म्हणून आभार मानले. तिचे डोळे भरले होते. मी कुंपणापाशी गेले, हिरवी डहाळी शोधली. नोव्हेंबरात पानं कुठली, शेवटी फरच्या झाडाची तोडली. अपघातातल्या जनावराला असा घास देतात की नाही ते मला माहीत नाही. मी गुडघे टेकून त्याच्या तोंडात ठेवली. ओठ मऊ होते, ओलसर. साडी नव्हती नेसलेली, पण पँटचे दोन्ही गुडघे चिखलाने भरले. आजोबा बघत उभे होते. उठताना त्यांनी मला हात दिला.

यामुळे आधीचं काही पुसलं गेलं, असं मी म्हणणार नाही. ओढ्यापलीकडची ती मादी मला रोज दिसते, तांदूळ ताटात घेतला की हमखास दिसते. पण घरी आल्यावर आजोबांनी थंड झालेली दोन थालीपिठं खाल्ली आणि म्हणाले, "मुलं आली की मचाणावर नेईन. दुर्बीण आहे."

"आणि बंदूक?"

"ते पुढचं पुढे. अर्ज काही भरला नाही अजून."

"आणि गुडघा?"

"तू लिहितेयस ना काहीतरी? त्यात लिही."

तर लिहिलं. आता शेवटचं. काल डॉक्टरीणबाई हॅम्बर्गहून आल्या आणि एक पिशवी देऊन गेल्या. त्यांनी गेल्या महिन्यात मारलेल्या मादीचं मांस. फुटणाऱ्या गोळीने. ती जागच्या जागी पडली, एक पाऊलही पळाली नाही, असं त्यांनी मी न विचारता सांगितलं. मी पिशवीला ती जुनीच चिठ्ठी लावली आणि वरच्या कप्प्यात ठेवली. तुम्ही याल तेव्हा काळा मसाला घालून करीन.

डॉक्टरीणबाईंनी जखमेभोवतीचं बरंच कापून टाकलं आहे. मीही प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपून बघीन. तरीसुद्धा एखादी बारीकशी कपची राहू शकते. लागली तर घास खाली ठेवा, ओरडू नका, मी मान खाली घालणार नाही. सावकाश चावा.